कैवार तगोळ्री

"एल्लारू कैवार तगोळ्री."

नवीन सर एवढंच म्हणाले आणि फळ्याकडं वळले. हातात खडू अडकवलेला भला मोठा लाकडी कंपास. मागं आम्ही एकोणतीस पोरं एकमेकांची तोंडं बघत बसलो. कन्नड अगदीच येत नव्हतं असं नाही. 'एल्लारू' म्हणजे सगळ्यांनी, 'तगोळ्री' म्हणजे घ्या, हे बाजारात जाऊन जाऊन कानावर पडलेलं होतं. आणि कैवार तर आमच्या घरातलाच शब्द. धाकट्या सुनेचा सगळे कैवार घेतात, ही आज्जीची रोजची तक्रार. तेव्हा सगळ्यांनी कैवार घ्यायचा आहे इथवर समजलं. कुणाचा घ्यायचा ते सर सांगेनात.

शेवटच्या बाकावरच्या एकानं धीर करून विचारलं, "कुणाचा घेऊ, सर?"

सरांना वाटलं, ह्याच्याकडं नाही. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "बाजूवाल्याचा घे."

त्यानं शेजारच्याच्या गळ्यात हात टाकला.

वर्तुळ काढायचं जे दोन पायांचं साधन, एक पाय टोकदार आणि दुसऱ्यात पेन्सिल, त्याला कन्नडमध्ये कैवार म्हणतात. आम्ही त्याला कंपास म्हणायचो, आणि ते ज्या पत्र्याच्या डबीत असतं त्या डबीलाही कंपासच म्हणायचो. सरांना हे कळायला आठवडा गेला. आम्हाला कळायलाही तेवढाच.

ही १९९४ सालची, पाचवीतली गोष्ट. बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत तीनेक किलोमीटरवर आमचं गाव. भाताची शेती, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, मंगलोरी कौलांची सातवीपर्यंतची सरकारी मराठी शाळा. घरात मराठी, शाळेत मराठी, एसटीची पाटी कन्नड. चौथीपर्यंत गणित शिकवणारे गुरुजी त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. जून गेला, जुलै गेला, त्यांच्या जागी कुणी येईना. गणिताच्या तासाला आम्ही व्हरांड्यात बसून पागोळ्या मोजत असू. गणपती उठल्यावर बैलहोंगलकडचे एक सर तात्पुरते म्हणून आले. त्यांना मराठी येत नव्हतं, आम्हाला धड कन्नड येत नव्हतं, आणि पहिला धडा होता भूमितीचा.

गुरुजींनी चौथीत पाया घालून दिलेला होता हे आमचं नशीब. ते भूमिती फळ्यावर शिकवायचेच नाहीत. पाऊस नसला की अंगणात न्यायचे आणि काठीनं जमिनीवर काढून दाखवायचे. मुलींना म्हणायचे, रांगोळी काढता ना, आधी काय करता? ठिपके. तो बिंदू. मग ठिपक्याला ठिपका जोडता, तो रेषाखंड. एकदा त्यांनी सांगितलं की बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडी नसते. मी विचारलं, मग दिसतो कसा? गुरुजी म्हणाले, "दिसतो तो बिंदू नव्हे. ती बिंदूची खूण." हे वाक्य मला तेव्हा अजिबात कळलं नव्हतं, पण पाठ झालं.

रेषा आणि रेषाखंड हा फरक मात्र तिथंच पक्का झाला. काठीनं एक लांब ओळ ओढून गुरुजी म्हणाले, हा रेषाखंड, कारण इथं सुरू झाला आणि इथं संपला. रेषेला अशी टोकं नसतात. ती दोन्हीकडं जातच राहते, म्हणून टोकांना बाण काढायचे. किरण एका टोकाला सुरू होतो आणि दुसरीकडं जात राहतो, बॅटरीच्या झोतासारखा. एकानं विचारलं, "गुरुजी, सीमारेषा मग रेषा की रेषाखंड?" आमच्याकडं हा शब्द चौथीतल्या पोराला माहीत असतोच, गावात निवडणूक असो नाहीतर बंद, तो कानावर पडतोच. गुरुजींनी क्षणभर पश्चिमेकडच्या डोंगराकडं बघितलं. म्हणाले, "ती वाकडी आहे. म्हणजे रेषाच नव्हे."

तर एवढ्या भांडवलावर आम्ही सरांच्या पुढ्यात बसलो होतो.

पहिले पंधरा दिवस गोंधळच गोंधळ. सर म्हणाले, वहीत "चुक्की इडु". चुक्की म्हणजे ठिपका, इडु म्हणजे ठेव. आम्ही समजलो, काहीतरी चुकी झाली. बाकावरच्या निम्म्या पोरांनी खोडरबर काढलं आणि कोऱ्या पानावर घासायला लागली. सर "बरी, बरी" म्हणायचे तेव्हा आम्हाला वाटायचं शाबासकी देतायत, म्हणजे आकृती बरी आली. ते सांगत होते, लिही. काटकोनाला त्यांच्याकडं लंबकोन. आम्ही तो लांबकोन असा लिहून घेतला आणि तीन दिवस पोरं कोनाच्या बाजू पानाच्या कडेपर्यंत लांब लांब ओढत बसली.

पण गंमत एकाच बाजूला नव्हती. आम्ही 'काटकोन' म्हटल्यावर सरांनाच हसू आवरेना. आम्हाला कळेना, ह्यात हसण्यासारखं काय आहे. मग त्यांनी सांगितलं, कन्नडमध्ये काट म्हणजे त्रास, छळ. त्रास देणारा कोन! पुढं वर्षभर, कुणी फार दंगा केला की सर त्याला काटकोन म्हणायचे. तो शेवटच्या बाकावरचा, गळ्यात हात टाकणारा, त्याचं तर तेच नाव पडलं.

सगळ्यात मोठा घोटाळा चौकोनाचा झाला. सरांनी फळ्यावर चार बाजूंची आकृती काढली आणि म्हणाले, "इदु चतुर्भुज." मोठ्या मुली फिसकन हसल्या. आमच्याकडं लग्न झालं की माणूस चतुर्भुज झाला म्हणतात. सरांनी पुढचं विचारलं, "चतुर्भुजला किती कोन?" आणि एकीनं उत्तर दिलं, "सर, बायकोवर आहे." हे सरांना समजलं नाही हे बरंच झालं. समजलं असतं तरी ते रागावले नसते. त्यांचं लग्न त्या मे महिन्यातच झालेलं होतं.

नीट विचार केला तर ह्या शब्दात मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. मराठीत आपण त्रिकोण आणि चौकोन म्हणतो, म्हणजे कोपरे मोजतो. कन्नडमध्ये त्रिभुज आणि चतुर्भुज, म्हणजे बाजू मोजतात. आकृती तीच. तोपर्यंत मी त्रिकोणाकडं बघायची ते तीन टोकं म्हणून. सरांच्या शब्दानं बाजूंकडं बघायला लागले. मग लगेच प्रश्न पडला, बंद आकृतीत जेवढ्या बाजू तेवढेच कोपरे का असतात? सरांनी पंधरा मिनिटं त्यावर घालवली. म्हणाले, काढून दाखव, चार बाजू आणि तीन कोपरे. मी वहीची दोन पानं खराब केली. एक बाजू संपते तिथंच दुसरी सुरू होते आणि तिथंच कोपरा होतो, मग एक कोपरा कमी करायचा कुठून?

मी वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडं आमचे शब्द, उजवीकडं सरांचे. वर्तुळ: वृत्त. त्रिज्या: त्रिज्य. परीघ: परिधि. चौरस: चौक. आयत दोन्हीकडं आयत. जीवा: ज्या. हा शेवटचा शब्द मला त्या वेळी नुसताच वेगळा वाटला. फार नंतर कळलं की जीवा काय आणि ज्या काय, दोन्ही म्हणजे धनुष्याची दोरीच. वर्तुळाचा कंस हा वाकलेला बांबू आणि जीवा ही त्याला ताणून बांधलेली दोरी. भास्कराचार्यांच्या काळी ही भाषा सगळीकडं एकच होती. बाकी भास्कराचार्य हेही आमच्या सीमाभागासारखेच. १११४ चा जन्म, त्यांनी स्वतः आपलं गाव विज्जडविड म्हणून सांगितलंय. ते विजापूर म्हणणारे इकडचे, आणि चाळीसगावजवळच्या पाटणकडचं म्हणणारे तिकडचे. आठशे वर्षांपूर्वीच्या गणितीचाही निकाल अजून लागलेला नाही.

सगळेच शब्द जोडीनं चालत नव्हते. परिमिती हा शब्द मला चौथीपासून पाठ होता, पण म्हणजे काय ते आठवायला दर वेळी पुस्तक उघडावं लागायचं. क्षेत्रफळ आणि परिमिती ह्यांची अदलाबदल मी किमान दहा वेळा केली असेल. सरांचा शब्द होता सुत्तळते. सुत्त म्हणजे भोवती, अळते म्हणजे माप. भोवतीचं माप. बस. त्यानंतर माझी एकदाही चूक झाली नाही. उलट समांतरभुज चौकोन हे आमचं नाव लांबलचक असलं तरी स्वतःच सगळं सांगून टाकतं, आणि समलंब चौकोनाला त्यांच्याकडं जे त्रापिज्य म्हणतात ते इंग्रजीवरून आणलेलं, कानाला काहीच न सांगणारं. आमचं समभुज चौकोन हे नाव गुण सांगतं, की चारी भुजा सारख्या. त्यांचं वज्राकृति हे रूप सांगतं, हिऱ्यासारखा आकार. मला विचाराल तर लहान पोराला आधी रूप सांगावं आणि मग गुण. पण परीक्षेत गुणावरच गुण मिळतात.

सुत्तळतेचा तास सरांनी मैदानात घेतला होता. २४ फुटांची दोरी, दोन्ही टोकं बांधलेली, आणि चौघांनी चार कोपरे धरायचे. आधी ६ बाय ६. मग ८ बाय ४. मग १० बाय २. प्रत्येक वेळी आत किती पोरं मावतात ते बघायचं. दोरी तीच, पण चौरसात सगळा वर्ग दाटीवाटीनं मावला आणि शेवटच्यात पोरं एका रांगेत उभी राहिली. ३६, ३२, २० चौरस फूट. 'चौरस फूट' ह्या शब्दावर मी तिथं अडले. खोली चौरस नसली तरी माप चौरस फुटात का? सरांना माझा प्रश्न कळेना, कारण त्यांच्या भाषेत चौरसाला चौरस म्हणतच नाहीत. शेवटी ते मला व्हरांड्यात घेऊन गेले. तिथं शहाबादी फरशा होत्या, प्रत्येक २ बाय २ ची. व्हरांडा २० फूट लांब, ८ फूट रुंद. लांबीला १० फरशा, रुंदीला ४. ४० फरशा, एकेक ४ चौरस फुटांची, म्हणजे १६०. खोली कशीही असो, आपण आत किती चौरस तुकडे बसतात ते मोजतो. ती फरशी अजून तिथंच आहे, एका कोपऱ्यात फुटलेली.

कोनमापकानं मात्र मला रडवलं. त्याच्यावर आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक डावीकडून उजवीकडं आणि एक उजवीकडून डावीकडं. ० ते १८०, दोन्ही बाजूंनी. मी मोजायची बाहेरचे आकडे, कोन उघडलेला असायचा दुसरीकडं. ६० अंशांचा कोन माझ्याकडं १२० चा व्हायचा. सरांनी एकच सांगितलं आणि ते मी आज माझ्याकडं येणाऱ्या पोरांनाही सांगते: मोजायच्या आधी डोळ्यानं बघ, काटकोनापेक्षा लहान आहे की मोठा. लहान दिसत असेल आणि तू १२० लिहीत असशील तर चुकलीस. मोजमापाच्या आधी अंदाज.

दसऱ्याआधीच्या परीक्षेत 'चूक की बरोबर' मध्ये एक विधान होतं: प्रत्येक चौरस हा आयत असतो. मी ठामपणे 'चूक' लिहिलं. चौरस वेगळा, आयत वेगळा, दोन्हीची नावं वेगळी, चित्रं वेगळी. गुण गेला. मी सरांच्या टेबलापाशी भांडायला गेले. सर म्हणाले, "आयतला काय पाहिजे?" चार काटकोन, समोरच्या बाजू सारख्या. "चौकला ते आहे का?" आहे. "मग?" पण चौरस तो चौरस की, सर! तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझे बाबा काय करतात?" गवंडी. "गवंडी माणूस आहे की नाही?" आहे. "सगळे माणूस गवंडी आहेत?" नाही. "हां. बरी." ह्या वेळच्या बरीचा अर्थ मला कळला आणि मी वहीत लिहून घेतलं.

दिवाळीत आई शंकरपाळ्या करत होती. मोठी पोळी लाटायची, कातणीनं आडवे पट्टे पाडायचे, मग तिरके. मी शेजारी बसलेली. एकदम डोक्यात आलं आणि मी कंपासमधली पट्टी धुऊन आणली. आडवे पट्टे बोटभर रुंदीचे पाडले, तिरकेही बरोब्बर तेवढ्याच रुंदीचे. जी शंकरपाळी झाली तिच्या चारी बाजू पट्टीनं मोजल्या. सारख्या! दुसऱ्या पोळीला तिरके पट्टे जरा अरुंद पाडले. आता समोरासमोरच्या बाजू सारख्या राहिल्या, पण शेजारशेजारच्या नाहीत. तिसऱ्या पोळीला तिरके न पाडता सरळ उभे पाडले, सारख्या रुंदीचे, तर चौरस झाले. एका कातणीतून समभुज चौकोन, समांतरभुज चौकोन आणि चौरस. आईनं मागं वळून बघितलं. "काय करूलालीस ग? तेल तापलंय, तू मोजत काय बसल्यास!"

पहिल्या दोन्ही प्रकारच्या शंकरपाळ्या कागदात बांधून मी शाळेत नेल्या. सरांनी एक उचलली, "वज्राकृति," दुसरी उचलली, "समांतर चतुर्भुज," आणि दोन्ही खाऊन टाकल्या. पट्टे सारख्या रुंदीचे पाडले की बाजू सारख्या का होतात, हे त्यांनी फळ्यावर समजावून सांगितलं, पण ते मला खरं समजलं नववीत. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. शंकरपाळी कोणत्याही बाजूवर उभी केली तरी क्षेत्रफळ तेच. पट्ट्यांची रुंदी हीच उंची. दोन्हीकडं उंची सारखी, तर पायाही सारखाच असायला पाहिजे.

बाबांच्या कामावर डबा घेऊन जायचं काम रविवारी माझ्याकडं असायचं. तेव्हा बेळगावातल्या अनगोळमध्ये त्यांचं एका घराचं काम चालू होतं. पायाची आखणी, चार कोपऱ्यांना खुंट्या, सुतळी ताणलेली, खाली चुन्याची फक्की टाकायची बाकी. बाबांनी एका सुतळीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर खूण केली, दुसरीवर ४ फुटांवर, आणि दोन खुणांमधलं अंतर टेपनं मोजलं. ५ फूट भरेपर्यंत खुंटी सरकवत राहिले. मी म्हटलं, "बाबा, हा काटकोन झाला." बाबा म्हणाले, "काटकोन बिटकोन माहीत नाही. कोपरा गुण्यात पाहिजे."

गुण्या! कंपासपेटीतल्या दोन त्रिकोणी पट्ट्यांना गुरुजी गुण्या म्हणायचे, आणि आम्ही तो शब्द कधी वापरलाच नव्हता. आमच्या लेखी त्या त्रिकोणी पट्ट्या. बाबांच्या पिशवीत जो लोखंडी काटकोनी तुकडा असायचा तोही गुण्या. एकच वस्तू, एक पेटीत आणि एक पिशवीत. सोमवारी सरांना सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडं मूलेमट्ट. मूले म्हणजे कोपरा. गवंड्याचाही तोच आणि कंपासमधलाही तोच. मागच्या पानावरच्या रकान्यांत ही ओळ मी लाल शाईनं लिहिली.

त्या दिवशी बाबांनी आणखी एक दाखवलं जे पुस्तकात मला पुढं फार वर्षांनी भेटलं. चारी कोपरे लावून झाल्यावर त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि तिरकं माप घेतलं, ह्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. मग दुसरं तिरकं. दोन्ही सारखी आली तर बरोबर. मी विचारलं, चारी बाजू मोजल्या की, मग परत हे कशाला? बाबांनी उत्तर दिलं नाही. खिशातली काडेपेटी काढली, आतला खण काढून टाकला, आणि बाहेरचं कवच दोन बोटांत धरून हळूच कलंडवलं. चारी बाजू तेवढ्याच राहिल्या, कोपरे मात्र वाकडे झाले. एक तिरकं वाढलं, एक आखडलं. बाबांचं शिक्षण दुसरीपर्यंत.

सर एप्रिलमध्ये गेले. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना पेन दिलं आणि त्यांनी मराठीत भाषण केलं, ज्यात 'तो' आणि 'ती' ह्यांची पार खिचडी होती. सहावीला मराठी मास्तर आले, चांगले होते, पण त्या वर्षी मला भूमितीतलं नवीन असं काही आठवत नाही. सातवी झाली, हायस्कूलला बेळगावला गेले, तिथं सगळं मराठीतून. मागच्या पानावरच्या शब्दांचा उपयोग संपला असं वाटलं.

आता मी बेळगावातल्या वडगावात राहते आणि संध्याकाळी घरात शिकवणी घेते. एका सतरंजीवर मराठी माध्यमाची चार, कन्नड माध्यमाची पाच आणि इंग्रजीची सात-आठ पोरं बसतात. आजूबाजूच्या गल्ल्यांतून मागाचा आवाज येत असतो. इंग्रजीवाल्यांचे रेक्टँगल आणि ऱ्हॉम्बस म्हणजे माझा तिसरा रकाना. तिघांना एकच आकृती देते आणि तीन नावं फळ्यावर लिहिते; मग बाजू म्हणजे काय आणि कोन म्हणजे काय हे पोरं आपापसातच भांडून ठरवतात, मला फार बोलावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी हट्टानं करते. आकृत्या सरळ काढत नाही. पुस्तकातले सगळे आकार बूड टेकून बसलेले असतात. आयत जमिनीवर आडवा, काटकोन नेहमी डाव्या खालच्या कोपऱ्यात. चौरस टोकावर उभा केला की निम्मी पोरं त्याला डायमंड म्हणतात. परवा एका हुशार पोरीनं असा उभा चौरस बघून सांगितलं, "टीचर, हा ऱ्हॉम्बस." मी म्हटलं, बरोबर आहे. ती खूश. मग म्हटलं, आणि चौरसही आहे. तिचा चेहरा अगदी माझ्यासारखा झाला, दसऱ्याआधीच्या परीक्षेतल्या. गवंडी आणि माणूस हे उदाहरण मी अजून बदललेलं नाही.

गेल्या वर्षी घरामागं एक खोली वाढवली. १० बाय १२. गवंडी सौंदत्तीकडचा, तरुण, कामाला चपळ. बाबा आता पंच्याहत्तरीला आलेत, गुडघे गेलेत, त्यांची खुर्ची परसात पेरूखाली. आखणी झाली. गवंड्यानं चारी कोपऱ्यांना मूलेमट्ट लावून बघितला आणि सांगितलं, सगळं बरोबर आहे. बाबा खुर्चीतून म्हणाले, "तिरकं घे."

त्यानं टेप लावला. एक तिरकं १५ फूट ७ इंच. दुसरं १५ फूट ८ इंच.

"एक इंचानं काय होत नाही, अज्जा," तो म्हणाला, "प्लास्टरमध्ये जातंय. मूलेमट्ट लावून बघितलोय की."

"मूलेमट्ट दोन फुटाचा," बाबा म्हणाले, "खोली बारा फुटाची."

गवंड्यानं माझ्याकडं बघितलं. मी मनात गणित करत होते: १०० अधिक १४४, २४४, त्याचं वर्गमूळ १५.६२, म्हणजे १५ फूट साडेसात इंच. एक कमी, एक जास्त. खोली काडेपेटीसारखी जराशी कलंडलेली. "कैवार कुणाचा घेऊ?" असं मला त्या पोरासारखं विचारावंसं वाटलं.

त्यानं दोन खुंट्या उपटल्या, अर्धा इंच सरकवून पुन्हा ठोकल्या आणि टेप लावला. १५ फूट साडेसात. दुसरीकडंही १५ फूट साडेसात. बाबा काही बोलले नाहीत. ऊन फिरलं होतं, खुर्ची सावलीत ओढायला सांगितली.